खाट नंबर सात

मेघनेच्या एका चरावर, पत्र्याच्या दवाखान्यात
माझं काम बादल्या मोजायचं.
कॅनव्हासच्या खाटेला मधोमध भोक,
भोकाखाली बादली, बादलीत बुडवायची
खुणा केलेली कळकाची काठी.
दर चार तासांनी आकडा वहीत.
तांदळाच्या धुवणासारखं पाणी,
माणूसच पातळ होऊन गळतोय असं वाटायचं.
माझं नाव तोफाज्जल. वहीत ते कुठंच नाही.

डॉक्टर मोतिन रात्री चहा पिताना
टेबलावर ओल्या बोटानं आतड्याची भिंत काढायचे.
"पटकीचा जंतू घर पाडत नाही रे,
नळ उघडा टाकून जातो, एवढंच."
मग बशीतलं मीठ पुढं सरकवत:
"हे एकटं गेलं तर दाराशीच ताटकळतं.
साखरेचा हात धरला की दोघंही आत,
आणि मागोमाग पाणी,
वरातीमागच्या पोरांसारखं, न बोलावता."
कुठल्याशा थंड देशात, काचेच्या नळीत,
आतड्याच्या तुकड्यावर कुणी हे पाहिलं होतं म्हणे.
मला हसू आलं.
मिठाला जागणारी माणसं ऐकली होती;
मिठाला सोबत लागते, हे नवीन.

नियम तेव्हा उलटा होता. पटकीत तोंडावाटे काही नाही,
आतड्याला विसावा, शिरेतून सलाईन.
आणि त्या आश्विनात
सलाईनची लाँच आलीच नाही.

खाट सात. आम्बियाची सुखजान, वय चार.
पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली
तर तशीच उभी, ओल्या कापडाच्या चुणीसारखी.
रडायची, पण कोरडी.
मोतिनसाहेबांनी कंदिलाखाली
मीठ तोललं, साखर तोलली, सोडा तोलला,
आम्बियाच्या हाती चमचा दिला.
"थांबायचं नाही. ओकली तरी."

दहा वाजता बादली: पाचशे.
दोन वाजता: साडेसहाशे.
काठी पुसून पुन्हा बुडवली. साडेसहाशेच.
"साहेब, वाढतंय."
ते काही बोलले नाहीत, नख खात राहिले.
आम्बियानं बादलीकडे एकदाही पाहिलं नाही.
चमचा, तोंड. चमचा, तोंड.
मधेच डुलकी लागायची, हात मात्र चालू.

पहाटे सहाला बादली तेवढीच भरलेली.
आणि आईनं मांडीवर घेतलेली सुखजान
मुतली.
गरम, पिवळं, लुगडं भिजवत.
वहीत लघवीचा रकाना होता,
तिच्यापुढं मी रात्रभर शून्य मांडलं होतं.
मांडीवरचं कसं मोजू, विचारलं,
तर साहेब त्या लुगड्याचा भिजला पदर
तळहातावर तोलत उभे, वेड्यासारखे.
आम्बिया लाजून हसली. पोर भेदरून रडली,
आणि गालावर पाणी आलं.

पुढल्या वर्षी आम्ही घरोघर शिकवत फिरलो.
मूठभर गूळ, तीन बोटांची चिमूट मीठ.
पण मूठ कुणाची?
कोरबान नावाड्याची बोटं वल्ह्यानं जाडावलेली.
त्याच्या नातवाला मीठ जास्त झालं,
संध्याकाळी आकडी आली, रात्री गेला.
छापील तक्त्याखाली बारीक अक्षरात:
एक वगळला.
मी ते बोट ठेवून वाचतो अजून.
त्यानंतर आम्ही सांगू लागलो,
आधी चाखा. आसवांहून खारट नको.
बायका मान डोलवायच्या.
आसवं कशी लागतात, एकीनंही विचारलं नाही.

निबंध आला तेव्हा साहेबांनी आलेख दाखवला.
बादलीच्या दोन रेघा, सलाईनवाल्यांची
आणि चमचावाल्यांची,
जवळजवळ एकमेकींवर.
"म्हणजे माझ्या काठीनं काहीच नाही दाखवलं?"
"फरक नाही, हे दाखवलं.
किती रात्री गेल्या रे त्यात."
आणि चहा गार होऊ दिला.

दवाखाना नदीनं केव्हाच खाल्ला.
काठी मी घरी आणली होती, धुऊन, उकळून.
आता तिच्यावर दोडक्याचा वेल चढलाय.
खुणा अजून वाचता येतात:
सहाशे आणि सातशेच्या मधे
एक दोडका लोंबतोय,
बायको म्हणते, उद्या काढू.